पटावाचून ऐकलेले डाव

पॉडकास्टचा पहिला भाग रेकॉर्ड केला तो जानेवारी २०२१ मध्ये, आईच्या उघड्या कपाटासमोर बसून. साड्यांच्या घड्यांकडे तोंड करून बोललं की आवाज घुमत नाही. विषय पक्का होता: ऑनलाइन बुद्धिबळ खेळता खेळता प्रेक्षकांशी बोलणारी माणसं. स्पर्धांचे निकाल सांगणारे पुष्कळ होते; मला ही माणसं हवी होती, आणि मराठीत हवी होती.

मी सांगलीचा. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं आमच्याकडे घरातल्यासारखी. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे या खेळाडू इथल्याच. लहानपणी स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलं की चपला काढतानाच आवाज खाली यायचा. पंख्याची घरघर आणि घड्याळावर पडणारा हात, एवढंच ऐकू येई. थोर खेळाडूच्या डोक्यात काय चाललंय हे त्याच्या कपाळावरून ओळखायचं.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. कार्यक्रम बंद पडलेल्या विनोदवीर समय रैनाने यूट्यूबवर बुद्धिबळ मांडलं, आणि आपला नाशिकचा विदित गुजराथी त्याच्यासोबत येऊन बसला. अव्वल ग्रँडमास्टर डाव चालू असताना हसतोय, चुकलो म्हणतोय, हजारो लोकांदेखत मनातलं बोलतोय! मला ते देवळाचा गाभारा उघडल्यासारखं वाटलं. तिकडे अमेरिकेत हिकारू नाकामुरा, लेव्ही रोझमन, बोटेझ भगिनी. क्रोएशियातून अँटोनियो रॅडिच. इकडे सागर शाह आणि अमृता मोकल यांचं चेसबेस इंडिया. ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ मालिका आली आणि कधी प्यादं न हलवलेली माणसंही पट विकत घ्यायला निघाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम लढत आठवते. विदित कर्णधार, समोर रशिया. निहाल सरीन आणि १४ वर्षांची नागपूरची दिव्या देशमुख, दोघांचंही कनेक्शन तुटलं आणि वेळ संपून डाव गेले. भारताने दाद मागितली, शेवटी सुवर्णपदक दोन्ही देशांना मिळालं. त्या रात्री आम्ही मित्र फोनवर जे तावातावाने बोललो, त्यातून पॉडकास्टची कल्पना निघाली.

पहिले सहा-सात भाग आज ऐकवत नाहीत. पट दिसत नसताना आम्ही चाली सांगत होतो. घोडा एफ ३, उंट सी ४, वजीर एच ५... गाडी चालवणाऱ्या श्रोत्याने ते कुठे मांडायचं? एका शिक्षकांनी कळवलं, ‘डाव सांगू नका, त्या वेळी त्या माणसाला काय वाटलं ते विचारा.’ तेव्हापासून एका भागात एकच स्थिती, तीही गोष्टीसारखी: राजा कोपऱ्यात, हत्ती अजून घरातच, घड्याळात नऊ सेकंद.

दुसरी चूक उमगायला वर्ष लागलं. मिरजेचा एक तरुण दिवसा औषधांच्या दुकानात काम करायचा आणि रात्री अकरानंतर स्ट्रीम करायचा; बघणारे पंधरा-वीस. त्याला मी एक स्थिती दिली आणि विचारलं, काय खेळशील? तो गप्प झाला. मध्येच पुटपुटला, ‘नाही, तिथं प्यादं आहे.’ पुन्हा गप्प. मग म्हणाला, ‘वजीर देऊन टाकीन.’ संपादन करताना मी मधलं पाऊण मिनिट कापलं. भाग ऐकून त्याचा फोन आला. रागावला नव्हता. म्हणाला, ‘दादा, माझं उत्तर तर त्या गप्प बसण्यात होतं. तुम्ही फक्त शेवटची चाल ठेवलीत.’ किती खरं होतं ते! मूळ फाईल शोधून तो भाग पुन्हा चढवला. त्यानंतर पाहुण्याची विचार करण्याची शांतता आम्ही कधीच कापली नाही.

एका मुलीने सांगितलेलं अजून अस्वस्थ करतं. ती चांगली खेळायची, पण चॅटमध्ये तिच्या चालींपेक्षा तिच्या दिसण्यावरच जास्त लिहिलं जायचं. तिने कॅमेरा बंद केला, फक्त पट आणि आवाज ठेवला. प्रेक्षक निम्म्यावर आले. ‘पण उरलेले बुद्धिबळासाठी येतात,’ एवढंच म्हणाली. २८ जुलै २०२५ रोजी बाटुमीत दिव्याने टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टरही झाली, तेव्हा याच मुलीने स्ट्रीमवर तासभर त्या डावांचं मराठीत विवेचन केलं. कॅमेरा सुरू ठेवून.

मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लॉकडाऊन उठला, प्रेक्षक नोकरी-कॉलेजला लागले, आमचे भाग आठवड्याचे महिन्यावर गेले. माझ्याबरोबर सुरुवात केलेला मित्र बाळ झाल्यावर थांबला.

आणि ऐन दिवाळीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, डॅनियल नरोडित्स्की गेल्याची बातमी आली. वय २९. विजेच्या वेगाने ब्लिट्झ खेळणारा हा अमेरिकन ग्रँडमास्टर मला सर्वांत आवडे तो शिक्षक म्हणून. नव्या खात्यावर अगदी कमी रेटिंगपासून सुरुवात करून तो वर चढत जायचा, आणि प्रत्येक पायरीवर त्या पायरीच्या खेळाडूला समजेल असं बोलायचा. समोरचा कच्चा असला तरी त्याची टर नाही. त्याने ती चाल का केली असेल, हे आधी सांगायचा. आमच्या अर्ध्याअधिक पाहुण्यांनी ‘कोणाकडून शिकलात?’ या प्रश्नावर त्याचं नाव घेतलं होतं.

भाऊबीज झाल्यावर मिरजेच्या त्या तरुणाला फोन लावला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, स्ट्रीम रविवारी करतो. त्याने एक गोष्ट सांगितली. रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाईल टेकवून नरोडित्स्कीचे जुने व्हिडिओ लावायचा, आई शेजारी भाकऱ्या थापत असायची. बातमी कळल्यावर दोन दिवस त्याने काहीच लावलं नाही. आईला इंग्रजी येत नाही, बुद्धिबळही येत नाही. तिसऱ्या दिवशी तवा ठेवता ठेवता तिने विचारलं, ‘तो मुलगा बोलायचा बंद का झाला रे?’