मुद्दाम शिकवलेली मोडकीतोडकी फ्रेंच

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींमधून सैनिक आणले. त्यांना हुकूम कळावेत म्हणून १९१६ साली एक लष्करी पुस्तिका निघाली. तिच्यातली फ्रेंच सोलून काढलेली होती. नामाला लिंग नाही, क्रियापद चालवायचं नाही. मराठीत कुणाला ‘मी जाणे, तू येणे’ एवढंच शिकवावं, तसं. आफ्रिकी डोक्याला याहून जास्त झेपणार नाही, हे आधीच ठरवलेलं. वास्तविक यातल्या अनेकांना घरच्या दोन-तीन भाषा सहज येत. त्यांपैकी एकट्या वोलोफ भाषेतच नामांचे आठ-दहा वर्ग आहेत. फ्रेंचमधली दोन लिंगं त्यापुढे किती अवघड असणार?

ही बोली तोंडात घेऊन सैनिक गावात गेले की लोक हसत. फ्रान्समधल्या फ्रेजूसच्या छावणीजवळ राहणाऱ्या चित्रकार ल्युसी कुस्तुरिए यांनी ते पाहिलं, आणि सैनिकांना घरी बोलावून नीट फ्रेंच लिहा-वाचायला शिकवलं. हसण्यावरूनच आपल्याला वेगळी, हिणकस भाषा दिली गेल्याचं सैनिकांनी ओळखलं होतं, असं कुस्तुरिए यांनी आपल्या १९२०च्या पुस्तकात नोंदवलं आहे. बनानिया या कोको पेयाच्या जाहिरातीत मात्र हसरा आफ्रिकी सैनिक तीच मोडकी फ्रेंच पुढे कित्येक वर्षं बोलत राहिला.

आफ्रिकी डोक्याला फ्रेंच व्याकरण झेपणार नाही असं मानणाऱ्या याच फ्रान्समध्ये १९३५ साली सेनेगलचे लेओपोल्ड सेंघोर व्याकरणाची ‘आग्रेगासिओं’ ही अतिशय कठीण परीक्षा उत्तीर्ण झाले आणि तूर शहरात फ्रेंच मुलांना शिकवू लागले.