हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे व चित्ररोजनिशी

कागद, रंग, वाळलेली पाने, कापडाचे तुकडे इ. साध्या साहित्यातून विरंगुळा म्हणून जोपासला जाणारा छंद. शुभेच्छापत्र दुसऱ्यास पाठविण्यासाठी, तर चित्ररोजनिशी केवळ स्वतःसाठी असते. हा भेद सोडल्यास दोहोंचे साहित्य व कृती बहुतांशी एकच आहेत.

नाताळच्या छापील शुभेच्छापत्रांचा प्रारंभ लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन कॅल्कॉट हॉर्सली या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या नाताळपत्रापासून मानतात. महाराष्ट्रात दिवाळीप्रमाणेच संक्रांतीलाही शुभेच्छापत्रे टपालाने पाठविण्याचा प्रघात होता. त्यांत तिळगूळ म्हणून हलव्याचे चार दाणे घातलेले असत. भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे हा प्रघात मागे पडला. हाताने केलेल्या पत्राचे अप्रूप मात्र त्यामुळे वाढलेच आहे.

या छंदाचा मूळ आधार म्हणजे हातकागद. महाराष्ट्रात जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा येथे त्याची जुनी परंपरा होती. यंत्रनिर्मित कागदापुढे ती क्षीण झाल्यावर वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली. महात्मा गांधी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी व उलटविलेली पाकिटे लिहिण्यास वापरीत. त्यामागे काटकसर होती, छंद नव्हे. पण टाकाऊ कागदाकडे पाहण्याची ती दृष्टी या छंदालाही उपकारक ठरते.

घरगुती कागदासाठी जुन्या वह्यांचे कपटे रात्रभर भिजवून त्यांचा लगदा करतात. तो पाण्यात ढवळून जाळीच्या चौकटीवर पातळ उचलतात, कापडावर उलटा करून दाबतात व सावलीत वाळवितात. शाई फुटू नये म्हणून वर पातळ खळ देतात. जाड कागद दुमडण्यापूर्वी बोथट टोकाने रेघ ओढून घ्यावी, अन्यथा घडीवर तंतू फुटतात. पाने वर्तमानपत्रात ठेवून वजनाखाली वाळवावीत व कागद रोज बदलावा. आळस केल्यास ती काळी पडतात. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे. तो विषारी असल्याने मुलांच्या कामात वर्ज्य.

साहित्य दूरवर शोधावे लागत नाही. वर्धा जिल्ह्यात बोर अभयारण्याच्या वाटेवरील हिंगणीसारख्या गावी सागाची जाळीदार शिरांची पाने, पळसाची केशरी फुले व कापूस हाताशी असतात. सागाच्या पानाच्या खालच्या बाजूस रंग लावून उमटविलेला ठसा दोनदा सारखा येत नाही. पळसफुलांच्या काढ्याचा पिवळा रंग सुरेख, पण उन्हात विटणारा. वहीच्या पानाआड तो अधिक टिकतो. स्थानिक साहित्याचा असाच विचार नंदलाल बोस यांनी १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाच्या सजावटीत केला होता. आप्त व शिष्यांना ते टपालाच्या कार्डांवर लहान रेखाचित्रे काढून पाठवीत. मोजक्या रेषांत निरोप पोहोचविणारी ही कार्डे या प्रकाराचा उत्कृष्ट नमुना होत.

चित्ररोजनिशीत दिवसाची नोंद शब्दांबरोबर रेखाटन, ठसा, बसचे तिकीट वा बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा यांनी होते. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांनी अनेक वर्षे वह्यांतून रेखाटने व टिपणे केली. त्यांच्या वह्या चित्रनिर्मितीच्या चिंतनाच्या होत्या. हौशी व्यक्तीवर तसे कोणतेही ओझे नसते. कातरणे, चिकटविणे, रंग वाळण्याची वाट पाहणे या संथ क्रियांत मन हातामागे चालू लागते. विसावा मिळतो तो यामुळे, चित्र चांगले उतरल्यामुळे नव्हे. बाजारात तयार चिकटचित्रे व कातरसंच विपुल मिळू लागल्याने छंदाचे रूपांतर खरेदीत होण्याचा धोका असतो. रोजनिशी इतरांस दाखविण्यासाठी सजविली जाऊ लागली, की पान बिघडण्याची भीतीही तिच्यात शिरते. जुन्या हिशेबवहीच्या वापरलेल्या पानांवर आरंभ करणाऱ्यास ती सहसा वाटत नाही.