माइकाशिवाय गाणाऱ्या बाई

आमच्या कांजूरमार्गाहून गाडीने दादरला जावे, तेथे गाडी बदलून चर्नी रोडला उतरावे. जवळच रॉयल ऑपेरा हाऊस हे जुने नाट्यगृह लागते.

ऑपेरा म्हणजे युरोपातले संगीत नाटक. आपल्या नाटकात मधूनमधून पदे येतात. ऑपेरात बहुतेक बोलणेच गाऊन होते. बायकांच्या सर्वांत उंच आवाजाला तिकडे सोप्रानो म्हणतात. काही सोप्रानो आपल्या तानांसारखे झरझर स्वर घेतात. त्यांना कोलोरातुरा म्हणतात.

या गाण्याला माइक नसतो. पुढे पुष्कळ वाद्ये वाजत असतात, तरी आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला पाहिजे. नुसते ओरडले तर घसा बसतो. पोटातून दम धरावा लागतो, गळा मोकळा ठेवावा लागतो. हे शिकायला वर्षे लागतात.

पॅट्रिशिया रोझारिओ या सोप्रानो गायिका १९६० साली मुंबईत जन्मल्या. हे गाणे शिकण्यासाठी त्या लंडनला गेल्या. तेथे त्यांनी नाव काढले. जॉन टॅव्हनर या संगीतकाराने खास त्यांच्या आवाजासाठी रचना केल्या. २००१ साली त्यांना ब्रिटनचा ओबीई हा किताब मिळाला.

पण ज्याला परदेश परवडत नाही, त्याने काय करावे? २००९ साली बाईंनी व त्यांचे पती मार्क ट्रूप यांनी भारतात येऊन मुलामुलींना शिकवायला सुरुवात केली. १९९३ साली बंद पडलेले ऑपेरा हाऊस २०१६ साली पुन्हा उघडले, तेव्हा तेथे बाईंचेच गाणे झाले.

गळा जन्माने मिळतो, दम मात्र शिकावा लागतो. आणि शिकलेले दुसऱ्याला द्यावे, असे आम्हांस वाटते.