अजिंठ्याची चित्रं पिवळी का पडली?

अजिंठ्याच्या जुन्या फोटोंमध्ये चित्रांवर पिवळट झाक दिसते. ती सगळीच वयाची खूण नाही.

१९२० च्या सुमारास भिंतींवरचा गिलावा सुटत होता. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरून ठेवला, फुटक्या कडा बुजवल्या. हे काम खरोखर मोलाचं.

घोळ झाला तो शेलॅकमुळे, म्हणजे लाखेच्या वॉर्निशमुळे. लावल्यावर रंग छान खुलतात, पण काही वर्षांनी हा थर पिवळा, मग तपकिरी होतो आणि आक्रसतो. त्यात अजिंठ्याची चित्रं युरोपातल्या फ्रेस्कोसारखी ओल्या चुन्यात मुरलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर ती रंगवली आहेत. त्यामुळे वॉर्निश आक्रसलं की रंगाचे पापुद्रेही ओढले जातात.

पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी हा थर काढायला घेतला. काम अगदी थोड्या थोड्या जागेवर, हलक्या हाताने करावं लागतं. द्रावक जरा जास्त झालं, तर वॉर्निशसोबत पंधराशे वर्षांपूर्वीचा रंगही कापसाच्या बोळ्यावर येतो.