जुनेर, दांड आणि अडत : वापरलेल्या वस्त्रांच्या देवघेवीची मराठी परिभाषा

मराठीत वस्त्रमात्राला रूढ असलेला 'कापड' हा शब्द मुळात चिंधीचा वाचक होय. संस्कृतातील 'कर्पट' म्हणजे जीर्ण, ठिगळे लावलेले वस्त्र. त्यापासून प्राकृतात 'कप्पड' आणि पुढे मराठीत 'कापड' व 'कपडा' ही रूपे सिद्ध झाली. फाटके वस्त्र पांघरून तीर्थाटन करणारा तो 'कार्पटिक'. जुन्या मराठीतील 'कापडी', म्हणजे यात्रेकरू, हा त्याचाच वंशज. आज दुकानातील कोऱ्या ठाणालाही आपण ज्या नावाने ओळखतो, ते नाव अशा रीतीने वापरून झिजलेल्या वस्त्राकडून आलेले आहे. वापरलेल्या कपड्यांच्या खरेदी-विक्रीचा विचार करताना हा शब्देतिहास ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. कारण 'जुने म्हणजे हलके' हे समीकरण भाषेच्या दृष्टीने स्वयंसिद्ध नाही. ते विशिष्ट सामाजिक परिस्थितीत तयार झालेले आहे.

अलीकडे शहरांतून वापरलेले, परंतु सुस्थितीतील कपडे मालकाकडून ठेवून घेऊन विकणारी दुकाने दिसू लागली आहेत. पाश्चात्त्य देशांतील लहान गावांतूनही अशी दुकाने पुष्कळ आहेत. मालक कपडा दुकानात ठेवतो, तो खपला तर ठरलेला हिस्सा दुकानदार घेतो व उरलेली रक्कम मालकाला देतो. खपला नाही तर कपडा परत जातो. सांगली जिल्ह्यातील पलूससारख्या गावात हा व्यवहार कोणत्या शब्दांनी ओळखला जाईल, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटी वस्त्र, व्यक्ती आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधाचा मोठा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम घरातील परिभाषा पाहावी. 'जुना' हे विशेषण प्राकृत 'जुण्ण' व त्यामागील वैदिक 'जूर्ण' यांकडून आलेले असून 'जीर्ण' हे त्याचे भावंड होय. त्यापासून झालेला 'जुनेर' हा शब्द वापरून मऊ झालेल्या लुगड्याला लावतात. त्यात निंदा नाही. उलट बाळाचे दुपटे व अंगडे-टोपडे यांसाठी जुनेरच शोधले जाते. 'धडोते' म्हणजे अद्याप धड असलेले, नेसण्याजोगे वस्त्र. 'फडके' हे कामाचे, 'पोतेरे' हे जमीन सारवण्याचे, 'बोळा' हा पुसण्याचा, 'पटकूर' व 'चिरगूट' ही निकामी होत आलेली, आणि 'चिंधी' म्हणजे केवळ एक पट्टी. या शब्दांची मांडणी वयावर आधारलेली नाही. वस्त्र किती वर्षांचे आहे हे त्यांतला एकही शब्द सांगत नाही. ते आता कोणत्या कामाचे आहे, एवढेच तो सांगतो. लज्जेचा अर्थ स्पष्टपणे वाहणारा शब्द 'लक्तर' हा होय, आणि म्हणूनच वेशीवर टांगली जातात ती लक्तरे, जुनेरे नव्हेत. चिंधीचीही प्रतिष्ठा लोककथेने राखली आहे. श्रीकृष्णाच्या बोटाला बांधण्यासाठी द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे.

या उतरंडीतील सर्वांत बोलका शब्द 'दांड' हा आहे. लुगडे मधल्या भागात आधी विरते, काठ-पदराकडे टिकते. अशा वेळी विरलेला भाग कापून काढून उरलेले दोन धड तुकडे जोडीत असत. त्या जोडशिवणीला दांड किंवा दंड म्हणतात. दांड घातलेले लुगडे हे जुनेर नव्हे आणि नवेही नव्हे. त्याला पुन्हा नेसण्याचा अधिकार मिळालेला असतो. दांडही चालेनासा झाला की त्याची वाकळ होते. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात 'वाकळ' हा शब्द रूढ आहे. अन्यत्र 'गोधडी' म्हणतात, आणि सीमेपलीकडे कन्नडात 'कौदी'. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांस धरून 'वाकळ' हे रूप प्राकृत 'वक्कल' व संस्कृत 'वल्कल' यांकडे नेता येते. असे असल्यास झाडाच्या सालीचे नाव चिंध्यांच्या पांघरुणाने धारण केले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. लुगडे, धोतर, पटका ही न शिवलेली वस्त्रे होत. ती कोणत्याही अंगाला चालतात आणि हवे ते रूप घेतात. त्यामुळे त्यांचा प्रवास कामाकडून कामाकडे होतो. सदरा, कोट, विजार ही शिवलेली वस्त्रे मापाला बांधलेली असतात. त्यांना दुसरे काम सहसा मिळत नाही, दुसरे अंगच शोधावे लागते. त्यांचा प्रवास व्यक्तीकडून व्यक्तीकडे होतो. यंत्राजवळ सोग्याचे धोतर धोक्याचे, म्हणून कारखानदारी जेथे जाते तेथे शिवलेला कपडा वाढतो. पलूसच्या परिसरात १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत सुरू झाली, ही घटना वस्त्रांच्या इतिहासातही म्हणूनच दखल घेण्याजोगी आहे. पुढे कृत्रिम धाग्याचे कापड आले. ते लवकर विरत नाही, पाणी शोषीत नाही. त्याचे ना चांगले दुपटे होते, ना पोतेरे. कामांची जुनी साखळी येथे तुटली, आणि धड असूनही नकोशा झालेल्या कपड्यांचा साठा घराघरांत वाढू लागला.

वस्त्र हातातून हातात जाते तेव्हा भाषा अधिकच सावध होते. कोरे लुगडे प्रथम नेसणे म्हणजे त्याची 'घडी मोडणे'. स्वतःच्या नव्या साडीची घडी मोडावयास बहिणीला, भाचीला किंवा मैत्रिणीला देणे हा प्रेमाचा व मानाचा प्रकार समजतात. म्हणजे दुसऱ्याने नेसलेले वस्त्र नेसणे हे स्वतःहून कमीपणाचे नाही. आईचा शालू लेकीने नेसावा, थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा, यातही कोणी उणेपण मानीत नाही. तेच वस्त्र घरातून खालच्या मानलेल्या माणसाला दिले की ते 'अंगावरचे उतरलेले' होते. वस्त्र तेच, नेसणेही तेच. बदलतो तो देणाऱ्या-घेणाऱ्याचा संबंध, आणि शब्द त्या संबंधाला चिकटतो.

हा संबंध किती कठोर होता, याची साक्ष धर्मशास्त्र देते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. याउलट बौद्ध भिक्षूंनी उकिरड्यावरील चिंध्या गोळा करून केलेले पांसुकूल चीवर स्वेच्छेने स्वीकारले. एकच फाटके वस्त्र एकीकडे लादलेले आणि दुसरीकडे निवडलेले असते, आणि त्याचा अर्थ त्यामुळे पालटतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात, कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असावा, या आशयाचा उपदेश केल्याचे धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे. ठिगळ आणि मळ यांची ही फारकत अर्थविचाराच्या दृष्टीने मूलगामी आहे. दारिद्र्याची खूण आणि अप्रतिष्ठेची खूण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तीत स्पष्ट झाले. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) चिंध्यांची गोधडी अंगावर वागवून लोकांना स्वच्छतेचा पाठ दिला, त्याचेही मर्म हेच होय.

आता बाजाराकडे वळू. महाराष्ट्रातील घरांत जुने कपडे 'विकले' असे सहसा म्हणत नाहीत. ते 'बोहारणीला दिले' जातात आणि त्यांच्या'वर' भांडे घेतले जाते. 'चार लुगड्यांवर पातेले घेतले' या वाक्यातील 'वर' हा प्रत्यय लक्षणीय आहे. धान्यावर भाजी, भंगारावर चिक्की, केसांवर भांडी, अशा वस्तुविनिमयातच तो येतो. रोख रकमेशी तो येत नाही. दारात बसून घासाघीस होते, कपडा उजेडाकडे धरून पाहिला जातो, आणखी एखादी विजार टाकली जाते. परंतु अखेरीस घरात पैसा नव्हे तर भांडे येते. पूर्वी ते पितळेचे असे, पुढे स्टीलचे झाले, नंतर प्लास्टिकचेही. या विनिमयाचे खरे कार्य किंमत ठरविण्यापुरते नाही. अंगावरचे वस्त्र परक्या माणसाला विकण्याचा संकोच त्यात टळतो, आणि वस्त्रावरची मूळ मालकाची ओळख पुसली जाते. एकदा बोहारणीच्या गाठोड्यात गेले की ते कोणाचेही नसते.

त्या गाठोड्याचा पुढील प्रवास लांबचा आहे. धड कपडे निवडून, धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात जातात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरत आला आहे. जरीची वस्त्रे निराळी काढली जातात, कारण खऱ्या जरीतून चांदी मिळते. दिल्लीतील बोहारणींच्या व्यापाराचा सविस्तर अभ्यास ल्यूसी नॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. गुजरातकडून आलेल्या वाघरी समाजातील स्त्रियांचे त्या व्यापारातील स्थान त्यात स्पष्ट होते. जे लोकरी कपडे अंगावर चालत नाहीत ते पानिपतला जातात व पिंजून पुन्हा सूत होतात. जुन्या लोकरीपासून सूत काढण्याची ही युक्ती इंग्लंडमधील बॅटली गावी १८१३ मध्ये प्रचारात आली होती. परदेशी वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारताने निर्बंध ठेवले आहेत. कापून निकामी केलेल्या चिंध्यांना मात्र वाट मोकळी आहे. कायद्यालाही येथे 'कपडा' व 'चिंधी' हा भेद करावा लागला, ही गोष्ट शब्दाभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

ठेव-विक्रीच्या दुकानाचा व्यवहार मात्र या दोहोंहून वेगळा आहे. त्यात दान नाही आणि विनिमयही नाही. विशेष म्हणजे त्याला लागणारी परिभाषा पलूसच्या परिसरात पूर्वीपासून सिद्ध आहे. हा द्राक्षांचा व उसाचा मुलूख. येथला बेदाणा तासगाव-सांगलीच्या बाजारात जातो तो अडतीवर. शेतकरी माल अडत्याकडे ठेवतो. मालकी शेतकऱ्याचीच राहते. सौदा निघतो, भाव फुटतो, अडत, हमाली व तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती 'पट्टी' येते. ठेव-विक्रीचे दुकान याहून तत्त्वतः निराळे काहीच करीत नाही. १८७२ च्या करारविषयक कायद्यातील प्रतिनिधित्वाची व १९३० च्या मालविक्री कायद्यातील व्यापारी प्रतिनिधीची कल्पना या दोन्ही व्यवहारांना सारखीच लागू पडते.

मग जो समाज बेदाण्याची अडत पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, त्याने कपड्याची अडत का निर्माण केली नाही? दारिद्र्य वा अज्ञान हे याचे उत्तर नव्हे. अडतीला निनावी माल लागतो. हिरवा, पिवळा, काळा अशी प्रत लागली की बेदाणा कोणाच्या मळ्यातला हे खाणाऱ्याला सांगण्याची गरज उरत नाही. वापरलेला कपडा मात्र आपल्या धन्याचे नाव सहजी सोडीत नाही. आणि लहान गावात तर दुकानातील साडी कोणाची हे पाहताक्षणी ओळखले जाते. बोहारीण ओळख पुसून मग माल पुढे नेते. अडत्याला मात्र माल ठेवणाऱ्याचे नाव वहीत शेवटपर्यंत जपावे लागते. अडचण हिशेबाची नसून ओळखीची आहे.

नाव दुकानदाराच्या वहीत राहावे आणि गिऱ्हाइकाने केवळ वस्त्राचा गुण पाहावा, एवढी सोय झाली की ही अडचण बरीच सुटते. वस्त्राचा गुण पाहावयास मराठीत क्रियापदे तयार आहेत. शिवण सुटणे ते 'उसवणे', ते दोरा घालून भागते. कापडच तुटणे ते 'फाटणे', त्याला ठिगळ वा रफू लागते. पोत झिजून पातळ होणे ते 'विरणे'. विरलेल्या कापडावर ठिगळही टिकत नाही, म्हणून गिऱ्हाइकाने सर्वांत आधी कपडा उजेडाकडे धरावा. रंग जाणे ते 'विटणे', धुण्याने लहान होणे ते 'आटणे'. लोकरीला 'कसर' लागते, तीही पाहावी. उसवलेला कपडा घ्यावा, विटलेला भाव पाडून घ्यावा, विरलेला घेऊ नये: जाणत्या गृहिणीचे अवघे परीक्षाशास्त्र या तीन विधानांत सामावले आहे.

आज या व्यवहारासाठी 'सेकंडहँड', 'व्हिंटेज', 'थ्रिफ्ट' हे शब्द येत आहेत. परके शब्द घेण्यात मूलतः वावगे काही नाही. परंतु 'सेकंडहँड' हा शब्द पहिल्या हाताची आठवण पुसू देत नाही, आणि 'व्हिंटेज' हा केवळ वयाला किंमत देतो. मराठी परिभाषेने वयाऐवजी कामाला व स्थितीला महत्त्व दिले होते. 'अडतीचे कापड' असा प्रयोग रूढ झाला तर त्यात एक सामाजिक लाभही संभवतो. 'उतरलेले' घेणारा माणूस उपकृत असतो. अडतीवरचे घेणारा गिऱ्हाईक असतो. पहिल्याला वस्त्र स्वीकारावे लागते, दुसरा ते उजेडाकडे धरून पाहू शकतो आणि नाकारूही शकतो. ज्यांच्यावर शतकानुशतके उतरलेले वस्त्र लादले गेले, त्यांच्या दृष्टीने नाकारण्याचा हा अधिकार क्षुल्लक नव्हे.

दांड घालणाऱ्या, वाकळा शिवणाऱ्या आणि बोहारणीशी घासाघीस करणाऱ्या स्त्रियांची पिढी कृष्णाकाठी अद्याप आहे. वस्त्राच्या झिजेचे, जोडणीचे आणि देवघेवीचे त्यांचे शब्द गावोगाव जाऊन, वाक्यांसहित आणि संबंधांसहित टिपून घेणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढील निकडीचे काम होय. केवळ शब्दांची यादी पुरेशी नाही. कोणी कोणाला काय दिले आणि ते देताना कोणते क्रियापद वापरले, हे त्या नोंदीत आले पाहिजे.