लेसर करायचंय? आधी कॉर्निया तपासा

कोपरीत शेजारच्या ताईंच्या मुलीने विचारलं, "मायनस पाच नंबर आहे, कोणतं लेसर करू?"

पीआरके, लेसिक आणि स्माइल या तिन्ही पद्धतींत मायनस नंबर घालवायला कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) मध्यभाग किंचित सपाट करतात.

पीआरके सर्वांत जुनी. कॉर्नियावरचा नाजूक थर काढून लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळे चांगलेच झोंबतात, नजर सावकाश स्थिरावते. पण लेसिकसारखा कॉर्नियाचा पापुद्रा कापत नाहीत, म्हणून कबड्डी-बॉक्सिंग खेळणाऱ्यांना मला हीच बरी वाटते.

लेसिकमध्ये पापुद्रा उचलून आत लेसर. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी छान दिसतं. डोळे मात्र काही महिने कोरडे पडू शकतात.

स्माइलमध्ये २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून लेसरने कापलेली कॉर्नियातली चकती काढतात. कोरडेपणा सहसा कमी, खर्च जास्त.

वय किमान १८, नंबर वर्षभर स्थिर हवा. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या तपासणीत, केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार) दिसला, तर लेसिक नकोच!