काचेच्या भिंतींचं प्रार्थनामंदिर

बालमित्रांनो, क्रिकेट खेळताना कधी खिडकीची काच फोडली आहे का? खरं सांगा हं! माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं फोडली होती. तुकडे वर्तमानपत्रात गोळा करून ती रडवेली होऊन माझ्यासमोर आली. "बाई, जोडता येईल का हो?" "अगं, फुटलेली काच कुठे जोडता येते?" असं म्हणून मी तुकडे केराच्या टोपलीत टाकले.

तीच मुलगी आज पॅरिसला शिकते आहे. परवा तिचं लांबलचक पत्र आलं. त्यात तिनं पाहिलेल्या 'सँत-शापेल' या गॉथिक शैलीतल्या प्रार्थनामंदिराची हकीकत आहे. चला तर, तिच्या मागोमाग आत जाऊ या!

पॅरिसमधल्या सीन नदीत एक बेट आहे. तिथल्या जुन्या न्यायालयाच्या आवारात हे मंदिर उभं आहे. येशू ख्रिस्ताचा मानला जाणारा काटेरी मुकुट फ्रान्सचा राजा नववा लुई यानं १२३९ मध्ये मिळवला. तो ठेवण्यासाठी बांधलेल्या या मंदिराचं उद्घाटन १२४८ मध्ये झालं. गंमत म्हणजे, मुकुटाची किंमत मंदिराच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त होती!

खालचा मजला राजवाड्यातल्या नोकरचाकरांसाठी होता. तो ठेंगणा आणि अंधारा आहे. अरुंद गोल जिना चढून आपली ही मैत्रीण वर पोचली, तेव्हा बाहेर आभाळ भरून आलेलं. तिकिटाचे पैसे फुकट गेले, असं तिला वाटलं. इतक्यात ढग सरला आणि चहूकडच्या भिंती निळ्या-लाल उजेडानं पेटल्याच जणू!

भिंती कसल्या, खिडक्याच त्या! एकूण १५ खिडक्या, त्यांतल्या बहुतेक सुमारे १५ मीटर उंच. म्हणजे जवळजवळ पाच मजली घराएवढ्या. त्यांवर १,११३ चित्रं आहेत, बहुतेक बायबलमधल्या गोष्टींची. मग छताचा भार कोण पेलतं? बाहेरचे भक्कम दगडी टेकू आणि बांधकामात लपवलेले लोखंडी पट्टे.

काच तयार होतानाच तिच्यात रंग मिसळत. निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. मग हव्या त्या आकाराचे तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडत.

या काचांनी खूप सोसलं बरं का! फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इथे न्यायालयाची दप्तरं ठेवली गेली आणि खालच्या सुमारे दोन मीटर उंचीच्या काचा काढून टाकल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात कारागिरांनी त्या जागा नव्या काचांनी भरल्या. दुसऱ्या महायुद्धात काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या आणि नंतर परत बसवल्या. अलीकडे सात वर्षं खपून काही खिडक्यांची साफसफाई आणि दुरुस्ती केली, ते काम २०१५ मध्ये संपलं. म्हणूनच सुमारे दोन तृतीयांश काच आजही मूळचीच आहे.

पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं आहे, "बाई, तुम्ही म्हणाला होतात, फुटलेली काच जोडता येत नाही. इथे तर सगळे तुकडेच जोडलेले आहेत!"

काय उत्तर देणार? लिहिलं, "पोरी, तू जिंकलीस."

पण मुलांनो, ते तुकडे मी इतक्या घाईनं टोपलीत टाकले, याची आता चुटपुट लागून राहिली आहे.